मार्करचा सोलेनॉइड: गळती, दुरुस्ती आणि बदली यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रॉनिक पेंटबॉल मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या हवेने उडवणारी खेळातली बंदूक, रुसला की पहिला संशय सोलेनॉइडवर जातो. माझा अनुभव उलटा आहे. चौकशीअंती तो बहुतेक वेळा निर्दोष सुटतो आणि गुन्हेगार निघते शेजारची एखादी ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी. पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथे सोप्यापासून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

काहीही उघडण्याआधी टाकी काढा, मार्करमध्ये उरलेली हवा सोडा, बॅटरी काढा. टाकी काढल्यावरही आत एखाद-दोन फैरींपुरती हवा राहते, हे विसरू नका. हवा चालू ठेवून करायच्या चाचण्यांत गोळ्या काढलेल्या, बॅरलला कव्हर आणि डोळ्यांवर मास्क हवाच.

१. सोलेनॉइड म्हणजे नेमकं काय? तो मार्करमध्ये करतो काय?

बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल, तिच्यात सरकणारा लोखंडी प्लंजर आणि त्याला परत ढकलणारी स्प्रिंग, एवढाच हा मामला. वीज आली की कॉइलचं चुंबक होतं आणि प्लंजर ओढला जातो. मार्करमध्ये हा प्लंजर हवेची झडप चालवतो, म्हणून पूर्ण नाव सोलेनॉइड व्हाल्व्ह. ट्रिगर ओढला की इलेक्ट्रॉनिक बोर्ड काही मिलिसेकंद वीज देतो, तेवढ्यापुरती हवेची वाट बदलते आणि बोल्ट (गोळी बॅरलमध्ये सारणारा भाग) किंवा रॅम (हवेने ढकलला जाणारा दट्ट्या) पुढे जातो. गोळी उडवणारी हवा यातून जात नाही. रेल्वेचा सांधा बदलणारा माणूस गाडी ओढत नाही, फक्त रूळ बदलतो, तसंच हे काम.

पूर्वी ऑटोकॉकरसारख्या मार्करमध्ये हेच काम ट्रिगरला दांडीने जोडलेली सरकती झडप करायची. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात शॉकर आणि एंजल हे मार्कर आले आणि ट्रिगरमागे बोर्ड आणि सोलेनॉइड बसले.

२. माझ्या मार्करची ग्रिप इलेक्ट्रॉनिक आहे, पण सोलेनॉइडला हवेची नळी किंवा भोक काहीच दिसत नाही. हे कसं?

तुमच्याकडे सोलेनॉइड आहे, सोलेनॉइड व्हाल्व्ह नाही. मुळात मेकॅनिकल असलेल्या ब्लोबॅक मार्करला (फैरीच्याच हवेने हातोडा मागे ढकलणाऱ्या) इलेक्ट्रॉनिक ग्रिप लावली की तिच्यातला सोलेनॉइड फक्त सिअर, म्हणजे हातोडा अडवणारा खटका, पाडतो. हवेशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे गळतीचे खालचे प्रश्न तुम्हाला लागू नाहीत. विजेचे प्रश्न (७, ८, ९) मात्र जसेच्या तसे लागू आहेत. या जातीचा सोलेनॉइड जास्त वीज खातो आणि जास्त तापतो. दुरुस्तीला मात्र सोपा: प्लंजर पुसा, स्प्रिंग बघा, झालं.

३. थ्री-वे आणि फोर-वे यांत फरक काय? माझ्याकडे कोणता असेल?

थ्री-वेला एकच कामाची वाट असते: तिच्यात हवा भरायची किंवा तिच्यातली हवा बाहेर सोडायची. फोर-वेला अशा दोन वाटा असतात आणि एक भरत असताना दुसरी रिकामी होते. पॉपेट मार्करमध्ये, म्हणजे रॅमच्या ठोक्याने गोळीच्या हवेची झडप उघडते त्यात, रॅमला पुढे-मागे ढकलायचं असतं, तिथे फोर-वे सोयीचा. काही पॉपेट मार्करमध्ये रॅमच्या लहान तोंडावर कायम हवा ठेवून मोठ्या तोंडासाठी फक्त थ्री-वे वापरतात. पुष्कळ स्पूल मार्करमध्ये, म्हणजे बोल्ट स्वतःच सरकून गोळीची हवा सोडतो त्यांत, थ्री-वे बोल्टला हवेने मागे दाबून ठेवतो आणि ट्रिगर ओढताच ती हवा सोडून देतो. म्हणजे तिथे ‘चालू’चा अर्थ हवा देणं नसून हवा काढून घेणं आहे. गळती शोधताना हा फरक कामाला येतो.

ऑटोकॉकरच्या झडपेला खेळाडू सर्रास ‘थ्री-वे’ म्हणतात, प्रत्यक्षात ती फोर-वेचं काम करते. नावावर जाऊ नका, वाटा मोजा.

४. एवढीशी कॉइल एवढा दाब कसा हलवते?

ती हलवत नाहीच. लहान व्हाल्व्हमध्ये बहुतेक वेळा पायलटची युक्ती असते. कॉइल फक्त सुईच्या टोकाएवढं भोक उघडते, त्यातून आलेली हवा मुख्य स्पूलच्या (हवेच्या वाटा बदलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) बुडाशी दाबते आणि स्पूल सरकतो. मेहनत हवेची, इशारा विजेचा. म्हणून वॉटभर शक्तीत काम भागतं.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पायलटचं भोक इतकं बारीक असतं की ग्रीसचा एक कण पुरतो. आणि स्पूल ढकलायला किमान दाब लागतोच. औद्योगिक कॅटलॉगांत अशा लहान व्हाल्व्हची मर्यादा अनेकदा ०.१५ ते ०.७ मेगापास्कल, म्हणजे साधारण २२ ते १०० पीएसआय, अशी दिलेली असते. खाली गेलात तर स्पूल अर्धवट सरकतो, वर गेलात तर सील हवा सोडतात. पॉपेट मार्करमध्ये हा दाब एलपीआर, म्हणजे कमी दाबाचा रेग्युलेटर, सांभाळतो.

५. ग्रिपच्या आतून हवा गळते. सोलेनॉइड गेला का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि चुकीचे पैसे सर्वांत जास्त इथेच जातात. सोलेनॉइडच्या एक्झॉस्टमधून, म्हणजे हवा बाहेर टाकणाऱ्या भोकातून, हवा येते म्हणजे ती सोलेनॉइडमध्येच निसटली, असं नाही. एक्झॉस्ट हा सगळ्या घराच्या सांडपाण्याचा पाइप आहे. पाणी कुठल्या खोलीतून आलं ते तो सांगत नाही.

आधी जागा नक्की करा. बोर्डाजवळ साबणाचं पाणी नको. सिलिकॉन नळीचा वीतभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडांवरून फिरवा. मग वेळ बघा. टाकी लावताच गळती सुरू होते की काही सेकंदांनी? उशिरा सुरू होत असेल तर एलपीआरचा दाब हळूहळू वर चढतोय आणि सोलेनॉइड जास्तीचा दाब बाहेर टाकतोय. तिथे एलपीआरची सीट बदला. नवा सोलेनॉइड घातलात तर तोही गळेल.

लगेच सुरू होत असेल आणि मार्कर नळीवाला, फोर-वेचा असेल, तर एक चाचणी हमखास निकाल देते. मार्कर स्वस्थ असताना रॅमच्या पुढच्या बाजूला दाब असतो आणि मागची बाजू नळीतून एक्झॉस्टला मोकळी असते. ही मागची, बिनदाबाची नळी चिमटीत घट्ट दाबा. गळती थांबली तर हवा रॅमच्या ओ-रिंगवरून मागे येत होती. ओ-रिंग बदला, सोलेनॉइडला हात लावू नका. गळती चालूच राहिली तर संशय सोलेनॉइडच्या स्पूलवर किंवा त्याच्या बुडाखालच्या गॅस्केटवर.

बिननळीच्या मार्करमध्ये सोलेनॉइड थेट मॅनिफोल्डवर, म्हणजे हवेच्या वाटा कोरलेल्या ठोकळ्यावर, बसतो, तिथे चिमटा काढायला काही नसतं. मग स्वस्तापासून महागाकडे जा: बुडाचं गॅस्केट आणि स्क्रूंची घट्टी, मग बोल्टच्या ओ-रिंग्ज, शेवटी सोलेनॉइड. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार ओ-रिंग्ज एकदम बदलून गळती थांबली, तर मार्कर सुधारतो पण आपण काही शिकत नाही.

६. टिक आवाज येतो, पण मार्कर चालत नाही.

टिक म्हणजे प्लंजर हलला: बॅटरी, बोर्ड, वायर, कॉइल सगळं बहुधा ठीक. आता गडबड हवेच्या बाजूला. एलपीआर फार खाली फिरवला आहे का, पायलटचं भोक बुजलंय का, स्पूल चिकटलाय का, या क्रमाने बघा. बरेच दिवस पडून राहिलेल्या मार्करमध्ये स्पूल चिकटणं नेहमीचंच. कधी कधी दाब लावून वीस-तीस वेळा नुसता ट्रिगर ओढल्यावर तो आपसूक सुटतो.

काही व्हाल्व्हवर हाताने दाबायचं बारीक बटण असतं. दाब लावून ते बोथट टोकाने दाबा. मार्कर चालला तर हवेची बाजू ठीक आहे आणि टिक तुम्हाला फसवतोय: प्लंजर हलतो, पण अपुरा, ८ पाहा. नाही चालला तर १० कडे वळा. बटण दाबताना मार्कर खरोखर फायर होतो, हे ध्यानात असू द्या.

७. टिक आवाजच येत नाही.

बॅटरी (८), मग बोर्डावरचा कनेक्टर, मग वायर जिथे कनेक्टरमध्ये शिरते तो बिंदू. ग्रिप उघडमीट करताना वायर तिथेच चिरडते. यानंतर सोलेनॉइडची वायर बोर्डापासून सोडवून मल्टिमीटरने रोध मोजा. काहीच आकडा नाही तर तार तुटली. त्याच मॉडेलच्या चांगल्या कॉइलपेक्षा आकडा फारच कमी आला तर आतले वेढे एकमेकांना चिकटले. अशी कॉइल बोर्डाचा ट्रान्झिस्टरही घेऊन जाते, म्हणून ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणू नका. आकडा बरोबर असेल तर दोष बोर्डाचा.

८. बॅटरी नवी आहे, मल्टिमीटरवर ९ व्होल्ट दाखवते, तरी मार्कर अडखळतो.

रिकाम्या हाताने कुणीही ताठ उभा राहतो, ओझं दिल्यावर कळतं. सोलेनॉइड एका झटक्यात मोठा प्रवाह मागतो आणि त्या क्षणी बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. मल्टिमीटरला हे दिसत नाही, कारण तो जवळजवळ काहीच ओढत नाही. ‘हेवी ड्यूटी’ असं भारदस्त नाव लिहिलेल्या बॅटऱ्या बहुधा झिंक-कार्बनच्या असतात आणि या कामाला अगदी लेच्यापेच्या. अल्कलाइन घ्या. थंडीत तीही मंदावते, मग खिशात एक ऊबदार जोडीदार ठेवलेला बरा.

९. कॉइल तपासायला ९ व्होल्टची बॅटरी थेट लावली तर?

क्षणभर टेकवून टिक ऐका, धरून ठेवू नका. समजा कॉइल ५ व्होल्ट, १ वॉटची आहे. तिचा रोध २५ ओहम. तिला ९ व्होल्ट सतत दिले तर शक्ती ३.२४ वॉट, म्हणजे तिप्पटीहून जास्त उष्णता. बोर्ड मात्र अशाच कॉइलला मुद्दाम जास्त व्होल्टेज देतो, कारण त्याने प्रवाह लवकर चढतो आणि प्लंजर चपळ उडतो. पण तो हे काही मिलिसेकंदच करतो. काही बोर्ड झटका देऊन लगेच प्रवाह उतरवतात आणि तेवढ्यावरच प्लंजर धरून ठेवतात. तुमच्या बोटांना हे जमणार नाही.

१०. सोलेनॉइड स्वतः उघडून साफ करू का?

कडेला धातू दुमडून बंद केलेला किंवा प्लॅस्टिक वितळवून जोडलेला असेल तर नको. तो उघडतो, पुन्हा बंद होत नाही. स्क्रू किंवा क्लिप दिसत असेल तर करता येतं, पण ६ मधली कारणं तपासून झाल्यावरच.

पायलटचं डोकं काढताना काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा. आतली स्प्रिंग तिळाएवढी असते आणि उडी मारते. प्रत्येक पायरीला फोटो काढा. प्लंजरच्या टोकाच्या रबरी सीटवर खळगा पडला आहे का ते भिंगाने पाहा. खळगा असेल तर सफाईने काही होणार नाही. भोकात सुई घालू नका, घातलीत की ते भोक मोठं झालंच. धागे न सोडणाऱ्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. अ‍ॅसिटोन जवळही आणू नका, नायट्राइल रबर त्यात फुगतं. स्पूल काढलाच तर तो कुठल्या तोंडाने आत होता ते आधी खुणेने नोंदवा. काही स्पूलना रबरी सीलच नसतो, घासून जुळवलेला धातूच हवा अडवतो. अशा स्पूलवर चिमट्याचा एक ओरखडा म्हणजे कायमची गळती.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सगळं चकाचक पुसलं, जोडलं, टिक येत होता आणि मार्कर ढिम्म. दोन संध्याकाळी बोर्डाला शिव्या घातल्या. शेवटी कळलं की पायलटखालचं इवलंसं गॅस्केट मीच उलट्या दिशेने बसवलं होतं आणि हवेचं भोक झाकलं होतं. गॅस्केटला दिशा असते.

११. सोलेनॉइडला कोणतं ग्रीस लावू?

कुठलंच नाही. बोल्टला लागतं ते डाऊ ३३ सारखं ग्रीस सोलेनॉइडच्या आत म्हणजे विष. खरं तर सोलेनॉइडचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मालकाची माया: बोल्टवर थापलेलं ग्रीस प्रत्येक फैरीबरोबर हवेच्या वाटेने मागे सरकतं आणि पायलटच्या भोकाशी जाऊन बसतं. ओ-रिंग ओली चमकली की थांबा. उघडून साफ केलेल्या स्पूलला हवेवर चालणाऱ्या यंत्रांच्या पातळ तेलाचा एक थेंब पुरे, तोही निर्मात्याने मना केलं नसेल तर.

१२. आतल्या सीलचं ओ-रिंग किट मिळतं का?

बोल्ट, रॅम, टाकीच्या ओ-रिंग्ज प्रमाणित मापाच्या असतात: टाकीच्या तोंडाची ०१५, इतरत्र ०१० वगैरे. ०१५चं आतलं माप १४ मिलिमीटर, जाडी १.७८. ही मापं कुठेही सापडतात. सोलेनॉइडच्या स्पूलवरचे सील मात्र बहुधा त्या व्हाल्व्हपुरते साच्यात घडवलेले, कधी स्पूलला चिकटवलेलेच असतात. त्यामुळे ‘सोलेनॉइड किट’ म्हणून मिळतं त्यात बुडाचं गॅस्केट, स्क्रू आणि फार तर गाळणीची जाळी असते. तेही घेऊन ठेवा; गॅस्केटच बहुतेकांचं काम भागवतं. स्क्रू फार बारीक असतात. आलटून पालटून थोडे थोडे आवळा, नाहीतर प्लॅस्टिकचं अंग वाकतं आणि नवी गळती जन्माला येते.

१३. सीओटू वापरला तर सोलेनॉइड खरंच बिघडतो का?

वायू म्हणून नाही, द्रव म्हणून. सीओटू टाकीत द्रवरूपात असतो, २१ अंश सेल्सिअसला त्याचा दाब साधारण ८५० पीएसआय. भराभर गोळ्या मारल्या किंवा मार्कर खाली झुकवला की द्रव पुढे सरकतो, मार्करमध्ये उकळतो, दाब उसळतो आणि सील गारठून कडक होतात. ४ मधली मर्यादा आठवा. निर्माता फक्त दाबलेली हवा वापरा म्हणत असेल तर ऐका.

१४. थोडा वेळ थांबल्यावर पहिली गोळी हळू जाते. ड्वेल वाढवल्यावर बरं झालं. काम झालं का?

दुखणं झाकलं गेलं. ड्वेल म्हणजे सोलेनॉइडला वीज किती मिलिसेकंद द्यायची ती वेळ. विश्रांतीत ओ-रिंग जागेला चिकटते आणि पहिल्या फैरीला सुटायला जास्त वेळ घेते. काही बोर्डांत फक्त पहिल्या फैरीसाठी ड्वेल वाढवायची वेगळी सोय असते, ती वापरणं योग्यच. पण आधी बोल्टच्या ओ-रिंग्ज साफ करून ग्रीस बदला. कालपर्यंत पुरणारी ड्वेल आज पुरत नसेल, तर काहीतरी घट्ट झालंय. ड्वेल बदलल्यावर क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावल्याशिवाय खेळायला जाऊ नका. सेकंदाला ३०० फूट, म्हणजे ९१ मीटर, ही सर्वसाधारण कमाल मर्यादा आहे आणि कित्येक मैदानांवर ती याहून कमी असते.

१५. सुरुवातीला छान चालतो, तापल्यावर बंद पडतो, थंड झाला की पुन्हा चालू. हे काय?

तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल ४० अंशांनी तापली तर २५ ओहमचे २९ होतात, ५ व्होल्टवर प्रवाह २०० मिलिअँपिअरवरून १७२वर येतो आणि काठावरचा प्लंजर हार मानतो. ड्वेल गरजेपेक्षा जास्त असेल तर कॉइल विनाकारण तापते, ती आधी कमी करून बघा. रोध अचानक अनंत होत असेल तर मात्र आत तार तडकली आहे आणि तापून फाकते आहे. त्याला उपाय नाही, सोलेनॉइड बदला.

१६. वायरी उलट्या जोडल्या गेल्या. गेला का?

नुसत्या कॉइलला उलट-सुलट नसतं, प्लंजर दोन्हीकडून सारखाच ओढला जातो. पण व्हाल्व्हमध्ये डायोड, दिवा किंवा कायमचं चुंबक असेल तर दिशा महत्त्वाची. आत डायोड असून वायरी उलट्या लागल्या तर तो शॉर्टसारखा वागतो आणि बोर्ड धोक्यात येतो. लाल-काळ्या वायरी दिसल्या की दिशा पाळायची, एवढं धोरण पुरे.

१७. हुबेहूब तसाच दिसणारा औद्योगिक व्हाल्व्ह मिळाला. बसेल?

एसएमसी, मॅक, हम्फ्री, पार्कर अशा कंपन्यांचे लहान व्हाल्व्ह एकमेकांचे जुळे वाटतात आणि एकाच मालिकेत डझनभर उपप्रकार असतात. पूर्ण भाग-क्रमांक अक्षरन् अक्षर जुळला तर निश्चिंत राहा. नाही जुळला तर कॉइलचा रोध, वीज नसताना कुठली वाट उघडी, बुडाच्या भोकांची रचना, पायलटची हवा आतून येते की बाहेरून, आणि कमाल दाब बघा. शेवटचा मुद्दा स्पूल मार्करवाल्यांनी जपावा: एलपीआर नसलेल्या मार्करमध्ये सोलेनॉइडला बोल्टचा सगळा दाब सोसावा लागतो, १०० पीएसआयचा व्हाल्व्ह तिथे पहिल्या मिनिटाला फुसफुसतो. वेगाच्या मागे मात्र धावू नका. सेकंदाला १० गोळ्या म्हणजे प्रत्येकीला १०० मिलिसेकंद. व्हाल्व्हने दोन मिलिसेकंद वाचवले तर खेळात फरक कळत नाही.

१८. दुरुस्तीच्या दृष्टीने कोणती रचना चांगली?

सोलेनॉइड उघडता येतो का, हा प्रश्न मी दुय्यम मानतो. तो चार मिनिटांत सुटा होतो का आणि सुटा विकत मिळतो का, हे आधी विचारतो. नळीवाल्या मार्करमध्ये दोष शोधणं सोपं (५ पाहा), पण नळ्या सुटतात, दुमडतात. बिननळीचा सुटसुटीत, पण मॅनिफोल्डमधला स्क्रूचा आटा घासला तर अख्खा मॅनिफोल्ड बदला. वायर थेट बोर्डाला झाळलेली असेल तर मी नाक मुरडतो, कनेक्टर हवा.

कंपनी बंद पडली म्हणजे मार्कर संपला असंही नाही. आयन हा मार्कर काढणारी स्मार्ट पार्ट्स ही कंपनी २०१० मध्ये बंद झाली, तरी आयनवर काम करणारे आहेत, कारण त्याच्या ओ-रिंग्ज प्रमाणित मापाच्या आहेत. अडतं ते सोलेनॉइड आणि बोर्डापाशी. म्हणून जुना मार्कर घेताना मी एक जादा सोलेनॉइड सोबत मिळतो का ते विचारतो, रंग नंतर बघतो.

१९. ही कटकट नकोच असेल तर?

प्लॅनेट एक्लिप्स कंपनीचे एमेक आणि इथा २ हे मार्कर शेजारी ठेवून बघा. बोल्टचा गाभा दोघांत तोच, गॅमा कोअर. इथाला सोलेनॉइड आणि बोर्ड आहे, एमेकमध्ये ट्रिगर स्वतःच हवेची झडप चालवतो. एमेकला बॅटरी नाही, ड्वेल नाही, टिक नाही. बोट मात्र तुमचंच चालवावं लागतं, आणि ती झडपही कधीतरी गळतेच. तेव्हा ५ मधला नळीचा तुकडा तिथेही कामाला येतो.